ऑइलमध्ये पाणी की पाण्यात ऑइल? हेड उघडण्याआधी एवढं बघा

जुलै महिना, फोंडा. तीन दिवस पावसाने उसंत घेतलेली नाही आणि काकांनी मला तातडीने बोलावून घेतलंय, कारण त्यांच्या मारुती ८०० चं ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून लोणी निघालं. लोणी म्हणजे अगदी लोणीच. पिवळसर पांढरं, बोटाला चिकटणारं. शेजाऱ्यांनी छत्रीखालूनच निकाल दिला होता, "हेड पॅकिंग गेलं. आता इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही." हेड पॅकिंग म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधलं गॅस्केट. काकांचा चेहरा बघवत नव्हता.

मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली, पुसली, परत घालून परत काढली. ऑइल काळसर तपकिरी, नेहमीसारखं ओघळणारं, दोन खुणांच्या बरोबर मध्ये. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतली पातळी चतुर्थीला भरून ठेवली होती तिथेच. मग विचारलं, "काका, गेल्या महिन्याभरात गाडी कुठे कुठे गेली?"

"अरे, या पावसात कुठे जाणार? सकाळी बाजारात, संध्याकाळी देवळात."

दोन्ही ठिकाणं घरापासून दोन किलोमीटरच्या आत. ते लोणी कुठून आलं, हे मला तिथेच कळलं.

१ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की पाणीच होणार. त्यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली, जिथे ऑइल असतं तिथे उतरते. इंजिन नीट तापलं तर ती वाफ ब्रीदरच्या पाइपातून परत ओढली जाते आणि जळून जाते. तापलंच नाही, तर ती सगळ्यात थंड जागी जाऊन बसते, आणि ती जागा म्हणजे वरचं झाकण. पाणी आणि ऑइलचे बारीक कण घुसळले गेले की त्याचं लोणी होतं. त्यात गोव्याचा पावसाळा. हवाच इतकी ओली की कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे हे झाकण ज्यावर बसतं ते टॅपेट कव्हर कोरडं कसं राहील?

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. डॅशबोर्डवरचा काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो, म्हणून आपण म्हणतो इंजिन गरम झालं. तो काटा पाण्याचा. ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. काकांची गाडी ऑइल कोमट होण्याआधीच देवळापाशी उभी राहायची.

झाकणाखाली लोणी, पण डिपस्टिक स्वच्छ, ऑइल वाढलेलं नाही, कूलंट घटलेलं नाही: असं असेल तर इंजिनाला हात लावायचा नाही. झाकण पुसायचं, ब्रीदरचा पाइप चोंदलाय का ते बघायचं आणि गाडीला एक लांब फेरी मारून आणायची. आम्ही रविवारी मोलेपर्यंत जाऊन आलो. परत येऊन झाकण उघडलं, तर लोण्याच्या जागी दोन-तीन थेंब राहिले होते. पुढच्या रविवारी तेही नव्हते.

एक पोटप्रश्न इथेच उरकतो. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅटचा व्हॉल्व काढून फेकून देतात. "गोव्याच्या उन्हात त्याची गरजच काय?" हा त्यांचा युक्तिवाद. गरज आहे. हा व्हॉल्व साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो काढला की इंजिन छोट्या फेरीत कधीच पुरतं तापत नाही, आणि झाकणाखालचं लोणी बारमाही होतं. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि काटा कायम खालीच राहत असेल, तर आधी हा व्हॉल्व आहे का ते बघा.

दाब कोणाचा जास्त?

आता खऱ्या मिसळण्याकडे येऊ. इंजिनाच्या आत तीन गोष्टी एकमेकींच्या अगदी शेजारून फिरतात: जळणारा वायू, ऑइल आणि पाणी. (कूलंटला आपण सगळे पाणीच म्हणतो, मीही म्हणणार आहे.) त्यांच्यामधल्या भिंती कुठे काही मिलिमीटर जाडीच्या धातूच्या, कुठे नुसत्या पॅकिंगच्या. भिंतीला चीर पडली की कोण कोणाच्या घरात शिरणार, हे दाबावर ठरतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं निदान जवळजवळ आपोआप सुचत जातं.

चालत्या, गरम इंजिनात ऑइलचा दाब साधारण ३ ते ४ बार (बार हे दाबाचं माप) असतो; नुसतं उभं राहून चालू असेल तर १ बारच्या आसपास. पाण्याचा दाब रेडिएटरच्या झाकणावर ठरतो. जुन्या गाड्यांच्या झाकणावर बहुतेक वेळा ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो बारमध्येच. सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी दाब कितीतरी बार असतो, त्याच्याशी या दोघांची तुलनाच नाही.

म्हणजे इंजिन चालू असताना पंपाने दाबलेलं ऑइल आणि पाणी यांच्यामधली भिंत फुटली, तर ऑइल पाण्यात घुसणार. पण चावी बंद केली की ऑइलचा दाब काही सेकंदांत शून्य होतो. पाणी मात्र अजून उकळत्याच्या जवळ असतं, बंद झाकणाखाली अर्धा-पाऊण तास दाबून बसलेलं. आता वारं उलटं वाहतं. त्याच चिरेतून पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून रात्री बरी वाटणारी गाडी सकाळी डिपस्टिकवर चहा दाखवते.

यात एक उपकलम आहे, आणि ते अनेक मेकॅनिकही विसरतात. हेडमध्ये वर चढणारं ऑइल दाबाखाली असतं, पण कॅम आणि व्हॉल्वना भिजवून ते खाली चेंबरमध्ये (ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात) परत येतं ते आपल्या वजनाने, मोकळ्या भोकांमधून. तिथे दाब जवळजवळ नाहीच. हेड गॅस्केट पाण्याच्या भोकापासून या परतीच्या भोकापर्यंत कुजलं असेल, तर इंजिन चालू असतानासुद्धा पाणीच ऑइलमध्ये जाईल, आणि पाण्यात ऑइलचा थेंब दिसणार नाही. बहुतेक इंजिनांत वर चढणाऱ्या ऑइलची वाट एखादीच असते आणि परतीची भोकं अनेक. तेव्हा गॅस्केट गेलं की दुधाळ ऑइल जास्त दिसतं ते यामुळे.

आता उलटं बघा. ऑइल साफ आहे, आणि कूलंटच्या बाटलीत मात्र तपकिरी चिखल आहे. म्हणजे जिथे ऑइलचा दाब मोठा आहे अशाच एखाद्या जागी भिंत फुटली आहे. हेड गॅस्केटमधली ती एक वाट असू शकते. पण ज्या गाडीला ऑइल कूलर आहे, तिथे पहिला संशय कूलरवर घ्यायचा. हे मी पदरमोड करून शिकलो.

माझी गाडी, चुकीचं ऑपरेशन

माझी डिझेल हॅचबॅक तेव्हा बारा वर्षांची होती. म्हापशाहून शुक्रवारचा बाजार करून येताना सहज बॉनेट उघडलं, तर बाटलीत हिरव्या कूलंटऐवजी कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी. झाकणाच्या आट्यांपर्यंत माखलेलं. काटा मध्यावर, गाडीची ओढ नेहमीसारखी, धूर नाही.

गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने बाटलीत डोकावून मान हलवली. "हेड पॅकिंग, बाब. डोळे मिटून सांगतो." दुर्दैवाने त्याने खरोखरच डोळे मिटून सांगितलं होतं, आणि मीही मिटलेच. हेड उतरलं, फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, नवं गॅस्केट, नवे बोल्ट, नवं कूलंट. आठ दिवस गाडी तिकडे. परत आणून जेमतेम चारशे किलोमीटर चालवली आणि बाटलीत पुन्हा तोच चोथा.

दुसऱ्या मेकॅनिकने, हा वयस्कर माणूस, काहीही उघडण्याआधी मला चार प्रश्न विचारले. डिपस्टिक कशी आहे? साफ. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर बाटलीत बुडबुडे येतात? नाहीत. पाणी कमी होतं? उलट, बाटलीतली पातळी वाढत होती. ऑइल कमी होतं? हो, महिन्यात जवळजवळ अर्धा लिटर. मग तो म्हणाला, "ऑइल पाण्यात जातंय, पाणी कुठेच जात नाही, गॅस मारत नाही, म्हणजे सिलिंडरचा वायू पाण्यात शिरत नाही. मग हेड कशाला उघडलं?"

ऑइल फिल्टरच्या बैठकीला लागून एक छोटासा डबा असतो. एकावर एक बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या, एका चकतीआड ऑइल, पुढच्या चकतीआड पाणी. दोघांमधला पत्रा मिलिमीटरहूनही पातळ. हा ऑइल कूलर. त्याने तो काढला, ऑइलच्या बाजूचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा दिली, पाण्याची बाजू उघडीच ठेवली आणि गरम पाण्याच्या बादलीत बुडवला. काही क्षण काहीच नाही. मग पाण्याच्या बाजूने बुडबुड्यांची एक बारीक माळ निघाली आणि थांबेचना.

गरम पाणी का? थंड धातूत मिटलेली चीर गरम झाल्यावर उघडते. थंड पाण्यात तपासून "कूलर ठीक आहे" म्हणणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

कूलरच का फुटला? त्यालाही मीच जबाबदार होतो. दोन वर्षं घट झाली की मी परसातल्या विहिरीचं पाणी ओतत होतो. आपल्या जांभ्या दगडाच्या भागातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं, किनाऱ्याकडे गेलं तर मीठही. कूलंटमधला रंग महत्त्वाचा नाही, त्यातली गंजरोधक द्रव्यं महत्त्वाची. पाणी ओतत गेलं की ती पातळ होत जातात आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. हेड गॅस्केटच्या पाण्याच्या भोकांच्या कडाही अशाच कुरतडल्या जातात.

सगळ्या गाड्यांना हा कूलर नसतो. काकांच्या ८०० ला नाही, जुन्या पद्मिनी किंवा अँबेसिडरलाही नाही. तिथे पाण्यात ऑइल दिसलं तर संशयित मोजकेच: गॅस्केट, हेडची चीर, ब्लॉकची चीर. डिझेल आणि टर्बो गाड्यांत कूलर असण्याची शक्यता जास्त. तेव्हा गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा: "या इंजिनाला ऑइल कूलर आहे का, आणि तो तपासला का?"

जुनी ऑटोमॅटिक गाडी असेल तर आणखी एक पाहुणा असतो. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीतूनच फिरवून थंड करतात. तिथली नळी फुटली तर बाटलीत गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं मिश्रण येतं. हे दिसलं तर गाडी एक पाऊलही पुढे नेऊ नका. पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं की आतले क्लच सुटायला लागतात, आणि तो खर्च इंजिनापेक्षा हलका नसतो.

घरच्या घरी, काही न उघडता

तपासाला सुरुवात सकाळी करायची, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि दरवर्षी कोणीतरी भाजून घेतंच. ०.९ बारच्या झाकणाखाली नुसतं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.

आधी जमाखर्च मांडा. जुन्या गाडीच्या निदानात याच्याएवढं स्वस्त आणि उपयोगी काही नाही, आणि हेच कोणी करत नाही. बाटलीवर मार्करने रेघ मारा, डिपस्टिकचा मोबाइलवर फोटो काढा, किलोमीटर लिहून ठेवा. पाणी घटलं आणि ऑइल वाढलं, तर पाणी ऑइलमध्ये जातंय. ऑइल घटलं आणि बाटली वाढली, तर माझ्या गाडीसारखं. पाणी घटतंय पण ऑइल तेवढंच आणि साफ, तर पाणी एक तर बाहेर गळतंय किंवा सिलिंडरमध्ये जाऊन जळतंय. ऑइल वाढलंय पण पाणी तेवढंच, तर डिझेल गाडीत ते बहुधा डिझेल असतं: पातळ, काळं, वासावरून कळणारं. दुधाळ नसतं.

आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली असेल, तर हिशोबात तेही धरा. हवेच्या पाइपातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून बाहेरचं पाणी आत गेलं की ऑइल दुधाळ होतं आणि कूलंट मात्र जिथल्या तिथे राहतं. अशा गाडीचं हेड खोलून काय सापडणार? ऑइल आणि फिल्टर बदलायचे, प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी नाही ना बघायचं, मगच स्टार्टर मारायचा.

नंतर चेंबरचा बोल्ट. पाणी ऑइलपेक्षा जड. रात्रभर उभ्या गाडीत मोकळं पाणी असेल तर ते तळाशी जमतं. खाली भांडं ठेवून बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका, आणि पहिले काही थेंब बघा. आधी पाणी ठिबकलं आणि मग ऑइल आलं, तर संशयाला जागा राहत नाही. रंगीत पाणी आलं तर ते कूलंट. मात्र ऑइलमध्ये पुरतं घुसळलेलं पाणी असं वेगळं होत नाही, त्याला वेळ लागतो. तेव्हा थेंब आला नाही म्हणून निर्दोष सुटका होत नाही.

त्यासाठी तव्याची युक्ती आहे. निरुपयोगी झालेला एखादा लोखंडी तवा अंगणात तापवायचा, स्वयंपाकघरात नाही, आणि गाडीपासून लांब. फोडणी तडतडेल इतका तापला की आच बंद करायची आणि डिपस्टिकवरून एकच थेंब सोडायचा. चांगलं ऑइल गुपचूप पसरतं. पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं. चष्मा घाला, वास घेत बसू नका. तो तवा परत भाकरीसाठी वापरायचा नाही हे सांगायला नको, पण सांगतो.

बाटलीतला चिखल खरोखर ऑइलच आहे का, तेही बघायला हवं. साधं पाणी वापरलेल्या जुन्या गाडीत तपकिरी चिखल म्हणजे बरेचदा नुसता गंज असतो. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तरी कधी कधी जेलीसारखा गाळ होतो. पूर्वीच्या मालकाने गळती थांबवायची पावडर टाकलेली असेल तर तीही तशीच दिसते. काचेच्या बाटलीत नमुना घ्या आणि रात्रभर खिडकीत ठेवा. गंज तळाशी बसतो. ऑइल वर तरंगतं, त्यावर इंद्रधनुष्याचा तवंग येतो, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं आणि नुसत्या पाण्याने जात नाही.

शेवटी थंड इंजिन सुरू करा, पण डिपस्टिक साफ असेल तरच. दुधाळ असेल तर सुरू करू नका, त्याचं कारण पुढे येतं. एका माणसाने रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवायचा. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन कोमटही नसताना पाइप दगडासारखा कडक झाला, तर पाण्यात सिलिंडरचा वायू शिरतोय. मेकॅनिक म्हणतात तो "गॅस मारतोय" तो हाच. गरम झाल्यावर पाइप कडक होणं नेहमीचंच, त्याला घाबरू नका. सायलेन्सरमधून सुरुवातीला पाण्याचे थेंब पडणंही नेहमीचंच. इंजिन तापल्यावरही पांढरा, जड, किंचित गोडसर वासाचा धूर येत राहिला तर मात्र पाणी जळतंय. पेट्रोल गाडीचे प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले की कोणत्या सिलिंडरमध्ये, तेही दिसतं: बाकीचे करडे-तपकिरी आणि एखादाच धुऊन काढल्यासारखा लख्ख.

गॅरेजमध्ये काय मागायचं

"हेड उघडून बघू" हे निदान नव्हे. उघडण्याआधी करता येतील अशा तीन-चार चाचण्या आहेत, आणि प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. गोंधळ होतो तो एकीचं उत्तर दुसरीला चिकटवल्याने.

पाण्याची प्रेशर टेस्ट: रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि थांबायचं. काटा खाली आला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातंय. इंजिन बंद असल्यामुळे ऑइलचा दाब शून्य असतो, तेव्हा ही चाचणी पाणी ऑइलमध्ये जाण्याची वाट छान पकडते. रात्रभर दाब ठेवून सकाळी चेंबरचा बोल्ट सैल केला तर आणखी उत्तम.

निळ्या द्रवाची चाचणी: रेडिएटरच्या तोंडावर एक नळी ठेवून आतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. हवेत जळलेला वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा होतो. फार छान चाचणी, पण ती फक्त वायूबद्दल बोलते. माझ्या गाडीवर ती केली असती तर द्रव निळाच राहिला असता, आणि पाणी तर ऑइलने भरलेलं होतं. द्रव निळा राहिला म्हणून "मिक्सिंग नाही" असा अर्थ होत नाही. पिवळा झाला तर मात्र हेड उघडायला हरकत नाही.

कम्प्रेशन चाचणीत आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक बघायचा. जुन्या इंजिनात सगळेच सिलिंडर थोडे कमी दाखवतात. पण शेजारचे दोन एकदम खाली आणि बाकीचे ठीक, तर त्या दोघांमधलं गॅस्केट जळलंय. डिझेलला वेगळा, मोठ्या दाबाचा गेज लागतो. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निघते ते ऐकण्याची चाचणी याहून नेमकी: बाटलीत बुडबुडे आले तर पाण्याची वाट, ऑइलच्या तोंडातून फार हवा आली तर रिंगा.

आणि कूलर असेल तर तो काढून गरम पाण्यात. हेड उतरवण्याच्या मानाने बहुतेक गाड्यांत हे छोटं काम आहे.

एवढं करून हेड उघडलंच, तर नुसतं पॅकिंग बदलून बंद करू देऊ नका. गॅस्केट बरेचदा इंजिन उकळल्यामुळे जातं, आणि उकळलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड ही जोडी जुन्या गाड्यांत नेहमीची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे मधलं गॅस्केट प्रत्येक तापण्या-निवण्यात घासलं जातं. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पात्यांची जुडी, घालायचा. लहान पेट्रोल इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. म्हणजे आपल्या केसापेक्षाही बारीक. डोळ्याला जे सपाट दिसतं ते सपाट नसतं. फेसिंगला देतानाच लेथवाल्याला हेडची प्रेशर टेस्टही करायला सांगा, कारण व्हॉल्वच्या मधली बारीक चीर नव्या गॅस्केटने भरत नाही.

तोवर गाडी चालवायची का?

पाणी ऑइलमध्ये असेल तर नाही. सुरूही करायची नाही, टो करून न्यायची. क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतात, दुधाळ ऑइलला तो थर धरता येत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये शिजलं की आंबट चिकट गाळ होतो आणि तो बेअरिंगच्या मऊ धातूला खातो. गॅस्केटचं काम "अजून दोन दिवस चालवू" म्हणता म्हणता क्रँकचं काम होतं.

ऑइल पाण्यात असेल तर थोडी सवलत आहे, पण थोडीच. ऑइलचा थर आत बसला की रेडिएटरला उष्णता सोडता येत नाही. आणि पाण्याचे रबरी पाइप पाण्यासाठीच बनवलेले असतात, ऑइल लागलं की ते फुगतात, मऊ होतात. दुरुस्तीनंतर पाइप दाबून बघा: पावासारखा दबत असेल तर बदला, नाहीतर दोन महिन्यांनी घाटात फुटेल.

धुण्याच्या कामात घाई नको. कमी फेसाचा साबण, गरम पाणी, इंजिन तापवायचं, सोडायचं, परत भरायचं. माझ्या गाडीला सहा वेळा केलं. एक गंमत: गोव्यात हीटरचा नॉब कोणी फिरवतच नाही, त्यामुळे व्हॉल्व असलेल्या जुन्या गाड्यांत हीटरच्या छोट्या रेडिएटरमधलं पाणी फिरत नाही आणि तेवढं ऑइल तिथेच दडून राहतं. धुताना नॉब गरमकडे ठेवा, भले घामाने निथळलात तरी. उलट, पाणी ऑइलमध्ये गेलेलं असेल तर दुरुस्तीनंतर स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ उभ्यानेच चालवायचं आणि फिल्टरसकट बदलायचं. दोनदा तरी.

निघालेलं कूलंट गटारात किंवा माडाच्या अळ्यात ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडे तर विहीर चार पावलांवर असते. कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा बंद ठेवा आणि गॅरेजमधल्या जळक्या ऑइलसोबत न मिसळता वेगळा द्या.

माझ्या गाडीचा कूलर बदलून आता दुसरा पावसाळा चालू आहे. अजूनही रविवारी बाटलीचं झाकण काढतो तेव्हा आट्यांच्या खाचेत एक तपकिरी रेघ सापडते. कपड्याने पुसतो. पुढच्या रविवारी ती थोडी फिकी झालेली असते.